टेस्टिंगची खिचडी

अख्ख्या ऑस्ट्रेलियात माझ्या साडूंइतक्या निष्ठेने तोट्यातला धंदा चालवणारा दुसरा माणूस नसेल. आठवडाभर ते मेलबर्नमध्ये इंजिनिअर असतात आणि शनिवारी टार्निट या उपनगरातल्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये उद्योगपती. भारतातून आणलेले प्रेशर कुकर दुरुस्त करणं हा त्यांचा उद्योग. रीतसर बिझनेस नंबर, व्हिजिटिंग कार्ड, छातीवर नाव शिवलेला ॲप्रन, असा सगळा थाट आहे. गिऱ्हाईक समोर असलं की ते आम्हा नातेवाइकांनाही ओळख दाखवत नाहीत.

दुरुस्ती तशी चुटकीसरशी होते. पण नुसत्या पाण्यावर घेतलेली चाचणी त्यांना मान्य नाही. "पाण्यावर कुठलाही कुकर शिट्टी देतो, डाळ-तांदूळ घातले की त्याचं चारित्र्य कळतं," असं त्यांचं मत. मग खिचडी शिजते. शिजलेली टाकवत नाही, म्हणून गिऱ्हाइकाला जेवायला बसवतात. आणि आपल्या घरी जेवलेल्या माणसाकडून पैसे कसे घ्यायचे? एकदा एका हट्टी पंजाबी गिऱ्हाइकाने "अंकल, पैसे तो लो" म्हणत टेबलावर नोट ठेवली, तर साडूंनी ती त्याच्याच पोराच्या हातात खाऊला म्हणून दिली.

यंदा हा तोटा पगारातून वजा करून मिळावा म्हणून ते टॅक्सवाल्या मुलीकडे गेले. आधाराला मी. मुलगी आपल्यातलीच, पण इथे वाढलेली. तिने खर्चाचे कागद चाळले.

"काका, टेस्टिंग मटेरियल म्हणून डाळ-तांदूळ मी समजू शकते. पापड?"

"अगं, खिचडी नुसती वाढतात का?"

"ओके. पण प्रॉफिट करायचा इरादा आहे ना? नसेल तर ही हॉबी. मग लॉस क्लेम नाही करता येणार."

खोटं बोलायची सवय नसल्यामुळे साडू पापडाचं बिल उलटसुलट करून पाहू लागले. मी टेबलाखाली त्यांच्या पायावर पाय देऊन पाहिला. शेवटी ते "नाही" म्हणाले. मुलीने शांतपणे "हॉबी" असं टाइप केलं.

परतताना गाडीत त्यांच्या लेकीचा पर्थहून फोन आला. त्यांनी झालेलं सांगितलं, तर ती म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट अ वर्ड. नो वरीज!"

साडूंना पैशांचं दुःख नव्हतंच. "धंद्याकडे माणसं कामाने येतात हो," ते मला म्हणाले. "हॉबीकडे कोण येणार? लेक पर्थला, हिची शनिवारी हॉस्पिटलात शिफ्ट. इथे कारणाशिवाय कोण कुणाची बेल वाजवतं?"

त्यांनी प्रामाणिकपणे सगळ्या गिऱ्हाइकांना मेसेज केला, की धंदा बंद, आता फक्त हॉबी. पुढच्या शनिवारी मी गेलो तेव्हा दारात एकही गाडी नव्हती. साडूंच्या अंगात ॲप्रन नव्हता. खिचडी मात्र घरच्याच कुकरमध्ये नेहमीएवढीच केली होती. त्यांनी मला वाढलं, वर तूप घातलं आणि स्वतःच्या रिकाम्या ताटासमोर बसून राहिले. जरा वेळाने म्हणाले, "साडूभाऊ, तुमचा कुकर काय म्हणतो?"

आमचा कुकर उत्तम आहे.

"शिट्टी जरा उशिरा होते हल्ली," मी म्हणालो.

"अहो, मग आणा ना पुढच्या शनिवारी," असं म्हणून त्यांनी कुकर जवळ ओढला आणि स्वतःला वाढून घेतलं.