गाडीची खोली

आमच्याकडे गाडी नव्हती. यांना ती चालवताही येत नव्हती. तरी नोएडातल्या आमच्या नव्या घरात पहिली खोली मिळाली ती गाडीला, आणि सासूबाईंना सगळ्यात वरचा मजला!

पंच्याण्णव सालची गोष्ट. आमचे हे, दिनकर, सरकारी ऑडिटमध्ये. जन्म सगळा दुसऱ्यांच्या घरांत गेलेला, त्यामुळे प्लॉट हाती आला तसे झपाटलेच. प्लॉट कसला, बोळच तो! अठरा फूट रुंद आणि दोन्हीकडे शेजाऱ्यांच्या भिंती. "आर्किटेक्ट कशाला? मी आहे ना!" म्हणत यांनी दिल्लीतल्या मयूर विहारच्या भाड्याच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल ग्राफपेपरनं भरून टाकलं. आम्ही आपले मांडीवर ताटं घेऊन जेवायचो. नकाशात खाली पुढे गाडी, मागे भाडेकरू. पहिल्यावर हॉल-स्वयंपाकघर, दुसऱ्यावर आम्ही, त्याच्या वर आई.

"अहो, आईंचे गुडघे!" मी ओरडायचे.

"वर ऊन छान येतं. दिल्लीची थंडी आहे, यार, समजून घे."

"मग गाडीला ठेवा वर!"

"आता सगळेच गाड्या घेतायत. उद्या रस्त्यात उभी करायला जागा मिळणार नाही, बघशील."

आणि आई काय म्हणायच्या? "मला कुठंही चालेल गं, अरुणा." या वाक्यानं माझं डोकंच फिरायचं. सासऱ्यांच्या बदल्यांमागे गावोगाव फिरतानाही त्या हेच म्हणत आल्या असणार. इथे मी आईंसाठी घसा फोडतेय आणि त्यांचं आपलं चालेल, चालेल!

जानेवारीतल्या एका रविवारी ठेकेदारानं प्लॉटवर चुन्यानं नकाशा आखला. आम्ही आईंनाही नेलं होतं, घडीच्या खुर्चीसकट. त्या काठी टेकत रेघांमधून सगळं घर फिरल्या. जिन्यापाशी थांबल्या आणि काठी जमिनीवर आडवी धरली. दोन्ही टोकं रेघांच्या बाहेर गेली.

"भैया," त्या ठेकेदाराला म्हणाल्या, "मैं ऊपर मर गई, तो नीचे कैसे लाओगे? खड़ी करके?"

ठेकेदार मान खाली घालून उभा राहिला. यांचा चेहरा खर्रकन उतरला. मला वाटलं, चला, पडला एकदाचा डोक्यात प्रकाश. हे पुढे झाले, बुटानं रेघ पुसली आणि म्हणाले, "बिल्कुल बरोबर. जिना आणखी फूटभर रुंद करू. जागा स्वयंपाकघरातून काढू."

कपाळ माझं! संतापानं माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "शाबास! मेल्यावर आईंना उतरवायची सोय केलीत. जिवंतपणी रोज कोण उतरवणार? चार माणसं जवळ बसून बोलायला त्यांनी मरायची वाट बघायची का?"

"अगं, पण आईच म्हणते ना, कुठंही चालेल."

आईंनी खुर्ची उचलली, गाडीच्या चौकोनात नेऊन उघडली आणि उन्हात बसल्या. समोरच्या रस्त्यावरून एक बाई पोराला घेऊन चालली होती, तिच्याकडे बघून हसल्या.

"दिनू, मला कधी कुणी विचारलंच नाही रे," त्या म्हणाल्या. "म्हणून म्हणत होते, चालेल. मला ही खोली हवी."

ठेकेदार चुन्याचं घमेलं घेऊन एकदा यांच्याकडे बघतोय, एकदा माझ्याकडे. "साहब, फिर गाड़ी?"

साहेब बुटाला लागलेला चुना झटकत राहिले. मग मीच सांगितलं, "गाड़ी बाहर."