वर्गाला गोल बसवणाऱ्या आमच्या बाई

मंडळी, आज सकाळी सौंसरच्या बस स्टँडवर माझ्या चौथीच्या बाई भेटल्या. खूप थकल्यात, पण आवाज तोच.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वर्गात गोंडांची मी एकटीच. पोरी "काळी, जंगली" म्हणायच्या, जवळ बसू द्यायच्या नाहीत. मी बोलणंच सोडलं होतं. शाळाही सोडणार होते.

एक दिवस बाईंनी सगळ्यांना गोल बसवलं. "आज धडा नाही. कोणाच्या मनाले काय लागलं, थे सांगा."

किराणावाल्यांची नलू अडखळत बोलायची. सगळे तिची नक्कल करतात, हे सांगताना ती रडलीच. मग बाईंनी मला विचारलं, "अन् तुले काय वाटते, बेटा?"

"मले इथं कोणीच नाही," मी म्हटलं.

कोणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी नलू डबा घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. चिडवणं लगेच थांबलं नाही, पण आता आम्ही दोघी होतो.

आज बाईंना हे सगळं सांगितलं. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"त्या दिवशी मलेच लय भेव लागून राहिलं होतं, पोरी. सगळ्याईसमोर तुले बोलाले लावलं, अन् तू उद्या आलीच नाही तर?"

तुमच्यासाठी असं काळजीत पडलेलं शाळेत कोणी होतं का?