मध्यंतरापर्यंतची नायिका

मावशी दिसायला वाईट नव्हती, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून लोकांचा तसा समज होतो. नाकीडोळी ठीक होती. फक्त घरात गॅस चालू राहिलाय हे आत्ताच आठवलं असावं, असा भाव तिच्या चेहऱ्यावर कायम असायचा. झोपेतसुद्धा. आजी म्हणायची, "जन्मली तेव्हाच ही काहीतरी विसरून आल्यासारखी बघत होती."

या चेहऱ्यावर तिचं सगळं आयुष्य उभं राहिलं.

तरुणपणी ती एका लाँड्रीत कामाला होती. वरच्या मजल्यावर जाहिरातींचा स्टुडिओ होता आणि तिथे इस्त्रीचे कपडे पोचवायचं काम तिच्याकडे होतं. एकदा ती हँगर घेऊन वर गेली, तर मुरुमांच्या क्रीमची जाहिरात अडून बसली होती. क्रीम लावायच्या आधीची मुलगी आणि लावल्यानंतरची मुलगी, असे दोन फोटो हवे होते. दोन्ही एकाच मॉडेलचे काढायचे होते. पण ती मॉडेल इतकी देखणी, की तिच्या गालावर चिकटवलेले मेणाचे मुरूमही तिला दागिन्यांसारखे शोभत. वर दिव्यांच्या उष्णतेनं ते वितळून गळ्यात उतरत.

क्रीम कंपनीचा मॅनेजर डोकं धरून बसला होता. त्यानं मान वर केली, दारात मावशी दिसली आणि तो ओरडला, "हलू नका!"

मावशीला वाटलं, अंगावर पाल पडली. ती जशी थिजली, तसाच तिचा फोटो निघाला आणि पुढच्या महिन्यात शहरभर लागला.

"अहो, पण मला मुरूमच नाहीत," मावशी तेव्हा म्हणाली होती.

"मुरूम काय, कुणालाही देता येतात," मॅनेजर म्हणाला. "तुमच्या चेहऱ्यात वाव आहे. सुधारणेला एवढा वाव मी उभ्या जन्मात पाहिला नाही."

तोवर मावशीच्या चेहऱ्यात कुणी काहीच पाहिलं नव्हतं. तिनं ते कौतुक म्हणून घेतलं.

अशी ती मॉडेल झाली. गळणाऱ्या केसांची आधीची बाई ती. दुखऱ्या गुडघ्यांची, पिवळ्या दातांची, गादी बदलण्याच्या आधीची, विमा उतरवण्याच्या आधीची, सगळ्या तीच. शेजारच्या फोटोत दर वेळी ती देखणी मॉडेल. दोघींची हनुवटी थोडी सारखी होती, बाकीचं काम एका चिकटवलेल्या तिळावर भागायचं. स्टुडिओत दोघींची खरी नावं कुणाच्या लक्षात राहिनात. मावशी झाली आधी, आणि ती झाली नंतर.

"आधी आली का?" फोटोग्राफर विचारायचा.

"आधी नंतर येणार आहे."

"आणि नंतर?"

"नंतर केव्हाची येऊन बसलीय."

मावशीला फोटोत डाव्या बाजूला उभं राहायची इतकी सवय लागली, की माझ्या आईच्या लग्नाच्या फोटोतही ती डाव्या कडेला, पोटात कळ आल्यासारखी उभी आहे. तिथे कुणी तसं सांगितलं नव्हतं.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग एके दिवशी बाजारात एका बाईनं तिला ओळखलं. मावशी वांगी निवडत होती. बाई तिच्यासमोर येऊन उभी राहिली, आधी एका गालाकडे, मग दुसऱ्या गालाकडे बघितलं आणि म्हणाली, "अय्या! तुम्ही अजून तशाच?"

"कशी?"

"अहो, त्या क्रीमनं तुमचं इतकं छान झालं होतं. फोटो होता ना! मग हे काय?"

मावशीला खोटं बोलता येत नसे. "मी फक्त आधी असते," ती म्हणाली. "नंतर वेगळी आहे."

त्या बाईनं याचा जो अर्थ काढायचा तो काढला. आठवडाभरात क्रीमच्या डब्या दुकानांमध्ये परत यायला लागल्या. मॅनेजर घामाघूम होऊन आजीच्या घरी आला. त्यानं चहाला हातही लावला नाही.

"आजपासून ह्यांनी बाहेर दिसायचं नाही," तो म्हणाला. "लोकांचा विश्वास उडतो."

"मग भाजी कोण आणणार?" आजीनं विचारलं.

"नंतर आणेल."

"नंतर म्हणजे किती वाजता?"

"तसं नाही हो आजी. नंतर. ती मुलगी. ती ह्यांच्या जागी बाहेर जाईल. बाजार, बँक, लग्नकार्य, सगळं. कंपनीनं तशी सोय केली आहे."

आजीनं त्याला चार शब्द सुनावले. पोटची पोर घरात कोंडून ठेवायची आणि परकीला तिच्या नावानं मिरवायचं, ही कुठली रीत? मॅनेजर मान खाली घालून ऐकत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी नंतर दारात हजर. मावशीचाच निळा ड्रेस तिनं घातला होता आणि हातात पिशवी होती. "काय आणू?" तिनं हसून विचारलं. आजी तरी किती वेळ रागावून राहणार? घरात कांदे संपले होते.

गल्लीनं हा बदल असा काही स्वीकारला, की आम्हालाच चोरट्यासारखं झालं. "पोरीचा रंग काय उजळलाय!" शेजारणी आजीला म्हणायच्या. "पूर्वी कशी भेदरलेली असायची." जी माणसं मावशीला रोज बघून ओळखत नव्हती, ती नंतरला हाक मारून थांबवायची. वाण्यानं तिला लहानपणापासून ओळखतो, असं सांगायला सुरुवात केली.

आजीही हळूहळू फिरली. नंतर आजीच्या पायांना तेल लावून द्यायची. आजीनं केलेला चहा प्यायची आणि "असा चहा कुठे मिळत नाही" म्हणायची. मावशीनं तीस वर्षं तोच चहा पिऊन कधी अवाक्षर काढलं नव्हतं. "जरा तिच्यासारखं हसून बघ," आजी मावशीला म्हणायची. मावशी प्रयत्न करायची, आणि आजी लगेच, "राहू दे, राहू दे" म्हणायची.

माझी आई तेव्हा माहेरी गेली, की चिडायची. "ताई, तुला काहीच कसं वाटत नाही?"

मावशी पडद्याआडून खाली रस्त्यावर बघत होती. खाली नंतर फळवाल्याशी गप्पा मारत उभी होती आणि आजूबाजूची चार माणसं उगाचच हसत होती.

"माझं चांगलं चाललंय गं," मावशी म्हणाली.

आई सांगते, की त्या वाक्यावर हसावं की तिला जवळ घ्यावं, हे तिला आजही कळलेलं नाही.

सिनेमाचा दिग्दर्शक आला तो या दिवसांत. दार नंतरनं उघडलं. त्यानं तिच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "तुम्ही नाही. ती दुसरी. डावीकडची."

मावशी स्वयंपाकघरातून बाहेर आली. दिग्दर्शकाचे डोळे भरून आले. त्याच्या सिनेमाची नायिका पोस्टाच्या खिडकीमागे बसणारी एक साधी मुलगी होती. मध्यंतरापर्यंत तिच्याकडे कुणी बघत नाही. मध्यंतरानंतर ती सुंदर होते आणि सगळे बघतात. मध्यंतरापर्यंत मावशी, पुढे नंतर. मॅनेजरनंही होकार दिला, फक्त सिनेमात क्रीमची डबी दिसली पाहिजे, या अटीवर. ती डबी पोस्टाच्या काउंटरवर, शिक्क्यांच्या शेजारी ठेवायचं ठरलं.

मावशीला अभिनय येत नव्हता. एका प्रसंगात तिनं हॉटेलात नायकाची वाट बघायची होती. समोर दोन चहा. नायक येत नाही. "आता रडा," दिग्दर्शक म्हणाला. मावशीला रडू येईना. चहा फुकट चाललाय, एवढंच तिला दिसत होतं. तिनं आपला चहा संपवला. दाराकडे एकदा बघितलं. मग त्याच्या कपावरची साय बोटानं बाजूला केली आणि तोही चहा पिऊन टाकला.

कॅमेऱ्यामागचा माणूस रडायला लागला. त्यामुळे त्या दृश्यात चित्र शेवटी जरा हललेलं आहे.

सिनेमा लागला. पहिल्या खेळाला आई, आजी, नंतर, सगळ्या गेल्या. मावशीला बाहेर पडायची बंदीच होती. मध्यंतरापर्यंत थिएटरात नाकं ओढल्याचा आवाज येत होता. मध्यंतर झालं, लोक खाऊनपिऊन परत आले, पडद्यावर नंतर आली. झळाळत होती. थिएटरात कुजबुज सुरू झाली. एक पोक्त गृहस्थ उभे राहिले.

"अहो, ती कुठे गेली?"

"हीच ती!" दिग्दर्शक मागून ओरडला. "ती सुंदर झालीय!"

"ही नाही. ती, चहावाली. तिचं काय झालं?"

"तिचंच हे झालं!"

"तुम्ही आम्हाला फसवू नका," गृहस्थ म्हणाले, आणि सगळं थिएटर त्यांच्या बाजूनं झालं. शेवटी थिएटरच्या मालकानं शांतता व्हावी म्हणून पहिला भाग पुन्हा लावला. लोकांनी तो पुन्हा रडत बघितला आणि समाधानानं घरी गेले. दुसऱ्या दिवसापासून मालकानं पहिला भागच दोनदा दाखवायला घेतला.

"अहो, पण शेवट गोड आहे हो!" दिग्दर्शक त्याच्या ऑफिसात जाऊन कळवळला.

"मग घरी न्या," मालक म्हणाला.

सिनेमा तुफान चालला आणि मावशीकडे निर्मात्यांची रांग लागली. पण सगळे एकच मागायला यायचे: मध्यंतरापर्यंतची बाई. म्हणून मावशी कुठे मध्यंतराला मरायची, कुठे परदेशी जायची, एका सिनेमात तर बेपत्ता झाली आणि पुढे तिला कुणी शोधलंही नाही. जेवायच्या वेळेला ती घरी परत आलेली असायची. कंपनीची गाडी तिला पडदे लावून न्यायची-आणायची. "शेवटी काय होतं गं त्या सिनेमात?" मी लहानपणी विचारायची, तर ती म्हणायची, "मला काय ठाऊक? मी निघाले तेव्हा सगळे बरे होते."

मग तिला पुरस्कार मिळाला. करार करारच असतो, म्हणून घ्यायला नंतर गेली. मावशीनं तो सोहळा घरी टीव्हीवर बघितला, गरम पाण्यात पाय सोडून. नंतरनं मंचावर सुंदर भाषण केलं. "हे सगळं माझ्या आईमुळे," ती म्हणाली, आणि पहिल्या रांगेत बसलेली आजी उठून उभी राहिली आणि सगळ्यांना नमस्कार करू लागली. मावशीनं घरी एकटीनं टाळ्या वाजवल्या.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर नंतर स्वयंपाकघरात जमिनीवरच बसली. पुरस्कार मांडीत होता. ती रडत होती, पण रडतानाही इतकी छान दिसत होती, की आजीनं तिला "बस, मी जेवायला वाढते" एवढंच म्हटलं.

मावशी तिच्याजवळ खाली बसली.

"लोक म्हणतात, तुम्ही पूर्वी किती साध्या होता, किती सोसलंत," नंतर म्हणाली. "मी हो म्हणते. आधी, मी कधी सोसलंच नाही गं. मी जन्मल्यापासून अशीच आहे. मला पूर्वीचं काही नाहीच."

"काहीच नाही?"

"एकदा दात दुखला होता. तेवढंच. पण कुणाला खरं वाटलं नाही."

मावशी आणखी जवळ सरकली. मग म्हणाली, "दात कुठला?"

नंतरनं तोंड उघडून दाखवला. मावशीनं वाकून, नीट, दिव्याकडे तिचं तोंड वळवून तो बघितला. "खूप दुखला असणार," ती म्हणाली. आणि मग नंतर खरी रडली. नाक लाल, डोळे सुजलेले, तोंड वेडंवाकडं. आजी ताट घेऊन आली आणि दारातच थबकली. क्षणभर तिला कळेना, यातली आपली कोणती.

पुढे ती क्रीम बंद पडली. मॅनेजर मान पाडून आला आणि म्हणाला, की आता ह्या कुठेही जाऊ शकतात. मावशी पिशवी घेऊन बाजारात गेली. गल्लीत एकालाही ती ओळखता आली नाही. शेजारीण धावत वर आली. "आजी, तुमच्या घरातून ती कोण बाई गेली?"

"ती? माझी थोरली," आजी म्हणाली. "बाहेरगावी असायची."

मग नंतरला घालवून देण्याचा प्रश्नच उरला नाही. ती आपोआप मधली झाली आणि माझी आई धाकटी. आजी शेवटी आजारी पडली, तेव्हा दवाखान्यात नर्सनं विचारलं, "तुमच्या मुली किती?" आजी म्हणाली, "तीन. त्यातल्या दोघी मिळून एक." नर्सनं तिला ताप चढलाय असं समजून औषध वाढवलं.

मावशीचं सिनेमातलं काम कुणी काढून घेतलं नाही. ते वयानं गेलं. पन्नाशीनंतर तिच्या गालांवर मांस चढलं, कपाळावरची आठी सैलावली. एक निर्माता आला, बसला, तिच्याकडे बघत राहिला आणि हळहळला. "बाई, रागावू नका. पण चेहऱ्यात आता वाव राहिला नाही." मावशीनं त्याला चहा दिला. नंतरला मात्र त्याच सुमारास गंभीर भूमिका मिळायला लागल्या. त्या करताना ती तो दुखरा दात आठवते, असं तिनं मला सांगितलंय.

दोघी अजून एकत्र राहतात. रिमोटवरून रोज भांडतात. मावशीनं साठी उलटल्यावर पोहण्याचा क्लास लावलाय. मी परवा तिला घ्यायला गेले होते. ती टोपी घालून, कठड्याला दोन्ही हातांनी धरून पाण्यात पाय मारत होती, आणि काठावरून शिकवणारा तरुण वैतागून सांगत होता, "आजी, वर्ष झालं, तुम्ही अजून कठडा सोडत नाही. काहीतरी प्रगती दिसायला हवी."

"दिसायला कशाला हवी?" मावशी म्हणाली, आणि पाणी उडवत राहिली.