डोंगरावरच्या देवळाचे राखणदार नारायणपंत

नारायणपंतांची माझी पहिली भेट ठाण्याच्या सडकखात्याच्या कचेरीत झाली. मी कल्याणहून नोकरीवर रुजू व्हायला आलो होतो. ओव्हरसियर असलेल्या पंतांनी माझ्या कोऱ्या जोड्यांकडे पाहिले आणि म्हणाले, "जोडे सुरेख आहेत. घरी ठेवा." त्या दिवशी त्यांनी मला डोंगरापर्यंत चालवले. माझे पाय सोलून निघाले, तेव्हा संध्याकाळी खोबरेल घेऊन तेच बिऱ्हाडी आले.

त्या डोंगरावर फिरंग्यांच्या काळातले एक पडके ख्रिस्ती देऊळ आहे. छप्पर नाही, नुसत्या भिंती आणि आत जुनी थडगी. तरी सणाला खाडीकाठच्या गावांतले ख्रिस्ती लोक तिथे पायी जातात. वाटेत दगडी तळे आणि जुने शिवालय लागते. यात्रेकरू तळ्यावर पाय धुतात, शिवालयाच्या ओट्यावर भाकरी सोडतात आणि पुढे चढतात. नवसाची मेणबत्ती आमच्या हिंदू घरांतूनही जाते.

एके वर्षी त्या भिंती फोडून सडकेसाठी खडी करण्याचा हुकूम निघाला. आम्ही पोचलो तेव्हा एक भिंत उतरवून दगडांचा ढीग पायथ्याशी सडकेच्या कडेला लागला होता. त्यावर मारीबाई नावाची गावातली म्हातारी ठाण मांडून बसली होती.

"सायेब, यो दगर फोरू नका. आमची मानसा तिथं निजलीत."

मी पंतांना हळूच म्हटले, "हुकूम वरचा आहे. आपण कशाला मध्ये पडायचे?"

"वरच्यांनी देऊळ पाहिलेले नाही. आपण पाहिले आहे," पंत म्हणाले. त्यांनी काम थांबवले आणि तसे स्वतःच्या सहीने वर कळवले. त्यांची तोंडाशी आलेली बढती गेली. मला त्याचा अजून संताप येतो. त्यांना येत नाही.

हुकूम पुढे मागे घेतला गेला, पण उतरवलेले दगड वर कोण नेणार? पंतांनी प्रत्येक दगडावर टाकीने भिंतीतल्या थराची खूण करवून घेतली आणि सणाच्या सकाळी ढिगापाशी उभे राहिले. "रिकाम्या हातांनी कुठे निघालात? एकेक उचला!" आता तो रिवाजच झाला आहे. मीही दरवर्षी कुरकुरत एक दगड नेला.

गेल्या सणाला भिंत पुरी झाली. मारीबाईंनी पंतांच्या नावाने मेणबत्ती लावली. पंत संकोचून म्हणाले, "अहो, मला कशाला?"

"कशाला म्हंजे? छप्पर कोन घालील मंग?"

आम्हा सर्वांचे मागणे त्याहून वेगळे नाही. पंतांना उदंड आयुष्य आणि धडधाकट गुडघे लाभोत. यंदा छपराचे वासे वर चढवायचे आहेत.