गॅरेजात राहिलेली निळी पिशवी

भाजलेल्या खोबऱ्याचा आणि लसणाचा खमंग वास त्या निळ्या पिशवीतून येत होता, आणि ती पिशवी मीच गाडीतून काढली. चूक माझी, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे बर्फाच्या वैभवाविषयी पुढे जे लिहीन ते तुम्ही माझ्या अपराधासकट वाचाल.

ऑगस्टात, म्हणजे इथल्या दक्षिण गोलार्धातल्या ऐन हिवाळ्यात, रजा काढून आम्ही चौघे बर्फाच्या डोंगरांत एक लाकडी केबिन घेऊन राहणार होतो. शहराच्या गिरावीन उपनगरातून मी आणि माझी बायको शुभदा. शेजारच्या टूनगॅबीहून आमचा वसईकर मित्र विल्सन आणि त्याची रीटा, त्यांच्या गाडीने. फार वर्षांत पडला नाही असा बर्फ पडेल, असं हवामानखातं बजावत होतं. शुभदाने ते मनावर घेतलं. भाजणी, मेतकूट, खोबऱ्याची चटणी, दाण्याचे लाडू, मेणबत्त्या, टॉर्च, सगळं तिने निळ्या पिशवीत भरलं आणि पिशवी स्वतः डिकीत ठेवली. मी मात्र बर्फावरून घसरायला एक लाल घसरगाडी घेतली होती. पन्नाशी उलटलेल्या इंजिनिअरला ती कशाला हवी, असं विचारू नका, हवी होती! ती डिकीत मावेना. शुभदा घराला कुलूप लावत होती तेवढ्यात मी पिशवी उचलून गॅरेजातल्या वॉशिंग मशीनवर ठेवून दिली. चार दिवसांसाठी एवढा संसार कशाला?

केबिनवर पोचलो आणि तयारीला लागलो. तिथल्या रीती मला फार आवडल्या. वायपर काचेवरून उचलून उभे करायचे, नाहीतर चिकटून बसतात. हँडब्रेक ओढायचा नाही, नाहीतर आवळलेला असतानाच गोठतो. पंप विजेवर चालतो, म्हणून बादल्या-पातेली भरून ठेवायची, आणि सरपण दाराशी आणायचं. हे सगळं उत्साहात चाललं असताना शुभदाने रिकामी डिकी पाहिली. "अरे, निळी पिशवी?"

तेव्हाच सांगता आलं असतं. पण विल्सन समोर उभा होता, आणि घसरगाडीसाठी जेवण घरी ठेवणारा माणूस म्हणून मला त्याच्यापुढे स्वतःचं हसं करून घ्यायचं नव्हतं. "विसरलीस वाटतं," मी हसत म्हणालो. "हल्ली तुझं असंच चाललंय." रीटा लगेच म्हणाली, "जाऊ दे गं शुभा, होतं असं." पण शुभदाचा चेहरा उतरला. का उतरला, ते मला पक्कं ठाऊक होतं. अमरावतीला तिची आई अशीच एकेक वस्तू विसरत गेली, आणि अखेरीस तिने पोटच्या मुलीलाच विचारलं होतं, "तू कोणाची गं?"

त्या संध्याकाळी बर्फ सुरू झाला. पावसाला नाद असतो, वाऱ्याला असतो. बर्फ नुसता येतो! सकाळी खिडकीचा अर्धा भाग शुभ्र झाला होता, गाड्यांच्या जागी दोन टेकड्या होत्या, वीज गेली होती आणि रस्ता नावाची गोष्टच उरली नव्हती. निलगिरीच्या जातीतल्या गम वृक्षांच्या रंगीत, रेघारेघांच्या खोडांवर तो निरागस धवलपणा असा काही शोभत होता की पाहत राहावं. पण ज्याच्या पोटात खोटं आहे, त्याला शुभ्रतेकडे किती वेळ पाहवतं?

केबिनच्या कपाटात कुणीतरी ठेवून गेलेली कणीक आणि ओट्स निघाले. विल्सनकडे कांदे, ब्रेड आणि सॉसेजेस होती. शुभदाने केबिनमधल्या चुलीसारख्या शेगडीवर कणीक भाजून, कांदा घालून उकडपेंडी केली. काय चव होती! विल्सनने पातेलं खरवडलं. ती मात्र मधूनच घास हातात धरून थांबायची. पिशवी उचलल्याचं, डिकीत ठेवल्याचं मनात पुन्हा पुन्हा तपासून पाहायची. मी शेगडीत आणखी एक लाकूड सारलं.

बर्फ थांबला त्या दुपारी लख्ख ऊन पडलं. आम्ही सारे फावडी घेऊन दारापासून वाट कोरू लागलो. माझ्या शेजारी बर्फ उपसता उपसता शुभदा हळूच म्हणाली, "घरी गेलो की डॉक्टरांकडे येशील माझ्याबरोबर? मला ती पिशवी डिकीत ठेवल्याचं स्पष्ट दिसतंय रे. आणि तरी ती नाहीये."

माझं फावडं थांबलं. "ठेवली होतीस," मी म्हणालो. "मी काढली. घसरगाडी मावत नव्हती."

आता काही खरं नाही, असं मला वाटलं. पण तिने फावडं झेंड्यासारखं बर्फात रोवलं, दोन्ही हात आभाळाकडे उंचावले आणि ओरडली, "रीटा! अगं, मी विसरले नव्हते!" त्या आरोळीने फांदीवरचा बर्फ माझ्याच डोक्यावर कोसळला. रीटा धावत आली आणि दोघी गुडघाभर बर्फात गरगर फिरू लागल्या. "म्हणजे या नालायकापायी मी ओट्स खाल्ले?" विल्सन गरजला. मग उरलेलं सगळं सरपण मला त्याच लाल घसरगाडीवरून ओढायला लावण्यात आलं, आणि प्रत्येक खेपेला टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी बर्फ सारणारं अवजड यंत्र वर आलं. चालकाने "ऑल गुड, मेट?" असं विचारताच शुभदाच सगळ्यांआधी ओरडली, "नो वरीज!" एवढ्या हिमाला आम्ही पुरून उरलो होतो!

उतरताना ती गाणं गुणगुणत होती. पायथ्याचं कूमा गाव मागे पडल्यावर मात्र थांबली. "पिशवीचं काही नाही रे," ती बाहेर बघत म्हणाली. "पण एवढे दिवस मी स्वतःलाच घाबरत होते." तेव्हा मला उमगलं की मी नुसती पिशवी काढल्याची कबुली दिली होती, आणि तीसुद्धा घसरगाडीच्या आडून.

विल्सन-रीटा आमच्याकडे चहाला थांबले. ज्यांच्यादेखत तिला हिणवलं, त्यांच्यादेखतच बोलायला हवं होतं. मी तिघांनाही गॅरेजात बोलावलं. निळी पिशवी वॉशिंग मशीनवर निमूट बसली होती. शुभदाने चेन ओढली आणि खोबऱ्या-लसणाचा तोच खमंग वास दरवळला.

"शुभदा," मी म्हणालो, "तुला सगळं नीट आठवत होतं. खोटं मी बोललो, तू घाबरशील हे माहीत असून बोललो. मला माफ कर."