पावणीच्या हाका

पावणी पहिल्या दिवशी घरात आली आणि माझं नाव विचारण्याआधी तिने म्हशीचं नाव विचारलं. चंद्रा, म्हणून सांगितलं. ती तशीच गोठ्यात गेली, हात जोडून चंद्रापुढे उभी राहिली आणि स्वतःचं नाव सांगितलं. चंद्राने फुस्स करून तोंड फिरवलं. पावणी पुस्तकातून शिकून आलेल्या मराठीत म्हणाली, "बरोबर आहे. आमची अजून ओळख नाही."

ती फिनलंडची, विशीची. जुन्नरच्या कॉलेजात वर्षभरासाठी शिकायला आली होती. पिंपरी पेंढारच्या मळ्यात माझ्याकडे राहील का, असं कॉलेजातल्या सरांनी विचारलं आणि मी लगेच हो म्हटलं. शाळेतून निवृत्त झाले होते, हे गेले होते, मुलगा चाकणला. रिकामं घर खायला उठतं म्हणतात, ते खोटं नाही. मला वाटलं, बडबडी पोर येईल. आली ती मुखदुर्बळ. पहिला आठवडा सगळा मळा 'पावणी, पावणी' करत तिला बघून गेला, मग कुणी फिरकलं नाही. आम्ही दोघी जेवायचो आणि आपापल्या खोलीत जायचो.

"आमच्या घरी खूप शांतता असते," ती एकदा म्हणाली. "मला वाटलं, इथे नसेल." मला रागच आला. आपल्या घराबद्दल कुणी खरं बोललेलं कुणाला आवडतं?

जनावरांशी मात्र तिची गट्टी. पाल चुकचुकली की मी सवयीने बोटं आपटून 'कृष्ण कृष्ण' म्हणायची. तिला वाटलं, ते पालीचंच नाव. महिनाभर ती झोपायला जाताना भिंतीकडे बघून "कृष्णा, येते" म्हणत होती. न्हाणीघरात बेडूक निघाला तर त्याची अंघोळ होईपर्यंत बाहेर थांबली. एकदा शेजारचे बबनभाऊ तिला फाट्यावरून मोटरसायकलवर घेऊन येत होते, तर दिवस मावळताना कालव्याच्या कडेला बिबट्या बसलेला. बबनभाऊ अंगणात येऊन धापा टाकत सांगत होते, "आवं बाई, म्या गाडी मागं वळवाय लागलो, आन ही पावणी त्याला नमस्कार घालती!"

"तो मोठा होता," पावणी म्हणाली. "मोठ्यांना नमस्कार करायचा, असं बाईंनीच शिकवलं."

मग ते पिल्लू आलं. तांबडं, पुढचे दोन पाय पांढरे. आमच्या मळ्यात कुत्र्यांना नावं देणं आम्ही केव्हाच सोडलंय. चारी बाजूंनी ऊस, उसात बिबटे. कुत्रं वर्ष काढतं, फार तर दोन. बबनभाऊंनी तिला बजावलं, "पावणी, त्याला लई जीव लावू नगं. त्ये आपलं न्हाई, वाघाचं हाय." पावणीने ऐकून घेतलं आणि त्याचं नाव लूमी ठेवलं. त्यांच्या भाषेत लूमी म्हणजे बर्फ. रोज दिवस कलला की ती त्याला आत घ्यायची आणि दार लावायची. त्याच्याशी ती तिच्या भाषेत तासन्‌तास बोलायची. भिंतीपलीकडून मी ऐकत बसायची. कळत काही नव्हतं, पण घरात कुणी बोलतंय याचं बरं वाटायचं.

माघात ती कॉलेजबरोबर दोन दिवस घाटघरला गेली. जाताना एवढंच म्हणाली, "बाई, लूमीला संध्याकाळी आत घ्या." मी म्हटलं, जा निवांत.

त्या संध्याकाळी मुलाचा फोन आला. तो कधीतरी करतो, आणि केला तरी दोन मिनिटं. त्या दिवशी मात्र मनमोकळा बोलत होता. मी खुर्चीत बसून ऐकत राहिले. बाहेर अंधारलं, तेही कळलं नाही. फोन ठेवून ओट्यावर आले तर लूमी नव्हता. सकाळी उसाच्या कडेला रक्त दिसलं आणि त्याचा पट्टा सापडला. तो मी कपाटात साड्यांखाली ठेवला.

पावणी आली. मी म्हटलं, "सुटून गेला गं. येईल." पस्तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून सांगितलं, आणि तोंडातून हे निघालं.

ती रोज संध्याकाळी बांधावर जाऊन हाका मारू लागली. "लूमीऽऽ, लूमीऽऽ." तिला एकटीला कसं सोडणार? मी काठी आणि बॅटरी घेऊन बरोबर जायची. तिच्या प्रत्येक हाकेला मी बॅटरी उसावरून दुसरीकडे वळवायची. परतताना मात्र ती बोलायची. त्यांच्याकडच्या लांब रात्री, तिची आई, गोठलेलं तळं. मीही यांच्याबद्दल बोलले, जे मुलाशीही कधी बोलले नव्हते. उन्हाळा लागला तरी आमचा तो फेरा चुकला नाही.

जायच्या दिवशी गाडी दारात उभी होती. तिने माझे दोन्ही हात धरले.

"बाई, लूमीला बिबट्याने नेलं. बबनभाऊंनी मला त्याच आठवड्यात सांगितलं."

"मग हाका कशाला मारत होतीस?"

"तुम्ही सोबत यायच्या ना. हाका थांबवल्या असत्या तर आपण दोघी पुन्हा आपापल्या खोलीत बसलो असतो."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. मला त्या संध्याकाळच्या फोनचं सांगायचं होतं, धीर झाला नाही. ती गेली.

आता ती रविवारी फोन करते. चंद्राची चौकशी करते, कृष्णाची करते. लूमीचं नाव काढत नाही. तिला वाटतं, दार उघडं राहिलं असेल, कुत्रं निसटलं असेल. ती मराठी हळूहळू वाचते, म्हणून हे लिहून तिला पाठवते आहे. पोरी, तुझा लूमी निसटला नव्हता. मी त्याला विसरले होते. यापुढे तुझा फोन नाही आला तर मी समजून घेईन. पण वाट बघेन गं, फार वाट बघेन.