अण्णा सूपला छान म्हणाले

आमच्या घरात जेवणाला चांगलं म्हणायची पद्धत नाही. भाजी आवडली की अण्णा म्हणतात, "मीठ कमी ए," आणि दुसरी भाकरी घेतात. आई इतकी वर्षं त्या मीठ कमीवरच खूश आहे. "छान झालंय" हे अण्णा फक्त सोयऱ्यांच्या घरी म्हणतात, तेही अर्धे पोहे बशीत ठेवून.

हे सगळं माहीत असून माझ्या धाकट्या बहिणीने त्यांना व्हिएतनामी नूडल सूप चाखायला बोलावलं. माझ्यासारखंच तिचंही डी.एड. झालेलं. मी अण्णांना हवं होतं तशी मंठ्याला शिक्षिका झाले आणि ती पुण्याला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात गेली. काही वर्षांनी परतली आणि नवीन जालन्यात, बियाणे कंपन्यांच्या ऑफिसांसमोर तिने स्वतःचा फूड ट्रक लावला. अण्णा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं, असं ती म्हणायची. धाकटी काय करते असं कुणी विचारलं, की अण्णा सांगत, "जालन्याला असती." जसं काही तिथे राहणं हाच तिचा धंदा. तिला एवढंच हवं होतं, की त्यांनी एकदा तिच्या हातचं खावं आणि काहीतरी खोट काढावी.

मी मंठ्याहून एसटीत बसले, अण्णा वाटूरला चढले. कडक इस्त्रीचा शर्ट, नवी टोपी. ट्रकपाशी प्लास्टिकच्या स्टुलावर ते जेमतेम टेकले. बहिणीने वाडगे ठेवले. पातळ, नितळ रस्सा, त्यात तांदळाच्या शेवया, कोंबडीचे काप, मोड आलेले मूग, पुदिना आणि लिंबाची फोड. भाजलेला कांदा, आलं, दालचिनी आणि चक्रीफूल टाकून हा रस्सा ती सकाळपासून मंद आचेवर ठेवते. पण तर्रीचा एक थेंब नाही. आता अण्णा ते विचारणार, याची मला खात्री होती.

मी वर्गात चाळीस पोरं सांभाळते, पण शेवया उचलायला दिलेल्या त्या दोन काड्या काही माझं ऐकेनात. शेवटी चमच्यावर आले. पहिला घोट औषधासारखा वाटला, तिसऱ्या घोटाला मात्र आवडला. अण्णा सावकाश खात होते. बहीण ट्रकच्या खिडकीतून बघत होती, डाव हातात तसाच. अर्धा वाडगा झाल्यावर अण्णांनी रुमालाने ओठ टिपले.

"छान आहे," ते म्हणाले. "वेगळं आहे."

शाळा तपासायला आलेल्या साहेबांशी बोलावं, तसं. बहिणीचा चेहरा पडला.

"घ्या न अजून."

"बस, बस. पोट भरलं."

परतीच्या बसमध्ये मला त्यांचा राग आला होता. एखादं नाव ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? पण असलं काही आमच्याकडे तोंडावर विचारत नाहीत. वाटूर यायच्या जरा आधी तेच म्हणाले, "त्या शेवयानं माणसाचं पोट कसं भरल?" मी आशेने वळून पाहिलं, तर ते पिशवी सावरत उठले होते.

दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. "शनिवारी जालन्याला चाल्लो. येती का?"

"काय काम काढलं?"

"हाय थोडं."

काम बिलकुल नव्हतं. स्टँडवरून ते थेट ट्रकवर गेले, सूप मागितलं आणि पिशवीतून फडक्याची पुरचुंडी काढली. आत ज्वारीच्या दोन भाकरी. वाडग्यातल्या शेवया त्यांनी चमच्याने माझ्या वाडग्यात लोटल्या, लिंबू पिळलं आणि रस्स्यात एक भाकरी नीट चुरली. ऑफिसातली माणसं काड्या हातात धरून बघत राहिली. मला लाज वाटली, खोटं कशाला सांगू. अण्णांनी हाताने कालवून एक घास घेतला, मग दुसरा.

"मीठ कमी ए," ते म्हणाले. "आन् तर्री तर न्हाईच."

बहीण जागची हलली नाही. "टाकू का मीठ?"

"टाक न मंग."

त्यांनी दुसरी भाकरी चुरायला घेतली. शेजारच्या स्टुलावरच्या माणसाला राहवलं नाही. "काका, हे भाकरीसोबत खातात का?"

अण्णांनी त्याला खालून वर न्याहाळलं. "भाकर बराबर लागती याच्यात. फक्त मीठ मागून घ्या. पोरगी माझीच ए, लहानपणापासून मिठाला हात आखडता तिचा."

मिठाचा डबा समोर असताना बहीण खाली वाकून बराच वेळ मीठ शोधत होती.